कडं असलेले तीन ठिपके

माझ्या नजरेचा आमच्या संस्थेत दबदबा होता. होता असं म्हणते, कारण हल्ली मला स्वतःलाच तिचा भरवसा वाटत नाही. चौतीस वर्षं मी एकच काम करत आले. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, त्यांच्यावर जंतू खाणाऱ्या विषाणूंचं पाणी सोडायचं, बशी उबेत ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी खिडकीशी धरून बघायची. तोवर बशीवर जंतूंची साय धरलेली असते. विषाणूंनी जिथं जंतू फस्त केले तिथं सायीत भोक दिसतं, कधी टाचणीच्या टोकाएवढं, कधी मसुरीच्या दाण्याएवढं. आम्ही त्याला ठिपका म्हणतो. या विषाणूंना फाज म्हणतात आणि आमच्या तिबिलिसी शहरात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. पोट बिघडलं की फाजची कुपी प्यायची, गळू फुटलं की त्यावर ओतायची. त्या कुपीत कोणता फाज जायचा नि कोणता नाही, हे आम्ही चार बायका ठरवत असू, आणि चौघींत शेवटचा शब्द माझा.

निवडीचा नियम साधा होता. ठिपका आरपार स्वच्छ असेल तर ठेवायचा, धुरकट असेल तर फेकायचा. का, तर काही फाज जंतूच्या आत शिरतात पण त्याला मारत नाहीत, तिथंच पथारी पसरून झोपतात. जंतू जगतो, त्याच्या जिवावर हाही जगतो. आम्ही यांना घरजावई म्हणतो. औषधात एक घरजावई शिरला तर सगळा घाणा वाया. म्हणून जरा धूर दिसला की मी बशीवर लाल पेन्सिलीनं फुली मारायची आणि बशी सरळ वाफेच्या भट्टीत टाकायची.

माझा नवराही घरजावईच. लग्नानंतर झाउर माझ्या आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये राहायला आला आणि एकतीस वर्षं त्यावरून सगळ्यांचे टोमणे खात आला. त्याला त्याचं काही नव्हतं. "दिवसभर घरजावयांना वाफेत कोंडतेस आणि संध्याकाळी एकाला जेवायला वाढतेस," असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आमच्याकडच्या नऊमजली इमारतींतल्या लिफ्ट म्हणजे जख्ख म्हाताऱ्या. आतल्या पेटीत नाणं टाकल्याशिवाय हलत नाहीत, आणि टाकलं तरी हलतीलच असं नाही. गेल्या हिवाळ्यात तो अशाच एका लिफ्टच्या टपावर उभा असताना ती एकदम खाली घसरली आणि त्याची उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली. डॉक्टर बाद्रींनी हाडाच्या आत पोलादी सळई घालून पाय उभा केला.

ऑगस्टमध्ये नडगीवर लाल फोड आला. फुटला, आणि हिरवट पू यायला लागला. त्याला गोडसर वास होता, आमच्या इमारतीच्या अंगणातल्या मांडवावरच्या काळ्या द्राक्षांचा असतो तसा. हा वास मी बशीतून रोज घेत आले आहे. जंतूचं नाव मला तिथंच कळलं.

प्रतिजैविकांचे तीन फेरे झाले, उपयोग शून्य. मग डॉक्टर बाद्री म्हणाले, "सळई काढू या, लामारा. हाड खरवडून साफ करू. त्यानंतर तुमचं पाणी हवं तेवढं ओता. धातू आत आहे तोवर मला खात्री वाटत नाही."

"हाड जुळलंय का?" मी विचारलं.

"अर्धवट."

"म्हणजे सळई काढली की पाय लोंबणार."

"बाहेरून चौकट बसवू. वर्षभर हाल होतील, पाय बोटभर आखूड होईल. पण राहील."

मी ऐकलं नाही. झाउरचा पू घेऊन संस्थेत गेले, त्यातला जंतू वाढवला आणि आमच्या साठ्यातले सगळे फाज त्याच्यावर सोडून पाहिले. इस्पितळामागच्या गटारातलं ताजं पाणीही सोडलं. जिथं रोगी तिथं जंतू, जिथं जंतू तिथं त्याला खाणारा, हा आमचा धडा पहिला. साठ्यातल्या एका फाजनं तर अशी करामत केली की बशी खिडकीशी धरली तेव्हा तिच्यातून पलीकडची नदी दिसली. ती बशी नीट बंद करून मी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"बघा! आरसा आहे आरसा. आणि तुम्ही सुरीची भाषा करता."

"बशी म्हणजे पाय नव्हे, बाई," डॉक्टर म्हणाले.

झाउर खाटेवरून ओरडला, "डॉक्टर, तुमच्या सुरीपेक्षा माझ्या बायकोच्या नजरेवर माझा जास्त विश्वास आहे. हिनं मला निवडलंय, अजून काय पुरावा पाहिजे?"

सगळे हसले. मीही हसले. आज ते हसणं आठवलं की कानांवर हात ठेवावेसे वाटतात.

बारीक नळीतून दिवसातून दोनदा फाज जखमेत सोडायचा, असं नऊ दिवस केलं. चौथ्या दिवशी पू आटला, नवव्या दिवशी जखम मिटली. लगेच आम्ही घरी जेवणं घातली. भावाकडून वाईन आली, भट्टीतले लांब पाव आले, राजम्याचं मोठं पातेलं चढलं. झाउर काठीवर भार देऊन दोन पायांवर उभा राहिला आणि पेला उचलून माझ्या डोळ्यांच्या नावानं प्याला. डॉक्टर बाद्रीही आले होते. जाताना त्यांनी वाकून झाउरची नडगी अंगठ्यानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "तीन आठवड्यांनी दाखवायला या." मला राग आला. मनात म्हटलं, याला आपली हार पचत नाहीये.

तीन आठवडे थांबावं लागलं नाही. एकोणिसाव्या दिवशी झाउरला थंडी वाजून ताप भरला आणि नडगीवरची कातडी दोन ठिकाणी फुटली, त्यातलं एक तोंड गुडघ्याच्या अगदी खाली. एक्सरेत हाडाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. मी पुन्हा पू घेतला, पुन्हा बशी लावली. जंतू तोच, फाज तोच आणि ठिपके तसेच आरशासारखे. बशीत मरत होता आणि माझ्या नवऱ्याच्या पायात जगत होता. मी ती बशी तीन वेळा लावली. तिन्ही वेळा तिच्यातून नदी दिसली आणि प्रत्येक वेळी मला रडू फुटलं.

आम्हा चौघींत सगळ्यांत लहान त्सित्सिनो. एकोणतीस वर्षांची, अबोल, आणि हट्टीपणात गाढवाला मागे टाकेल अशी. तिनं मला न सांगता एक उद्योग केला होता. डॉक्टरांकडून तसल्याच सळईचा बोटभर तुकडा मागून आणला होता, झाउरचे जंतू वाढवलेल्या पोषक पाण्यात, आमच्या भाषेत सुपात, बुडवला होता, आणि रोज सूप बदलत आठवडाभर ठेवला होता. एका दुपारी तिनं मला टेबलापाशी बोलावलं.

"मावशी, हातमोजा घाला आणि हात लावून बघा."

तुकडा बुळबुळीत होता. आठवडाभर न घासलेला माठ आतून लागतो ना, तसा.

"काल यावर तुमचा फाज ओतला," ती म्हणाली. "चार तासांत सूप निवळलं, गाळलेल्या चहासारखं. पण हा थर जिथल्या तिथं आहे. मी तो वरून खाली खरवडून पाहिला. वरच्या थरात मेलेले जंतू आणि तुमचे फाज, चिकार, तेही जिवंत. खालच्या थरात फाज औषधालासुद्धा नाही. जंतू मात्र मजेत."

"असं कसं होईल?"

"बशीत आपण त्यांना कालचे जंतू देतो, मावशी. सुटे, उघड्यावरचे. सळईवर ते महिनोन्‌महिने वस्ती करून बसलेत. स्वतःच चिकटा सोडतात आणि त्यात स्वतःला पुरून घेतात. आपला फाज वेशीवरच्यांना मारतो आणि त्यांच्याच मढ्यांत, त्याच चिकट्यात अडकून बसतो. आतल्यांना पत्ताही लागत नाही. वरचे मेले म्हणून पू आटला, जखम मिटली. आणि आपण जेवणं घातली."

मी खुर्चीत बसले. "मग आत जाणारा फाज नसतोच का?"

तिनं खिशातून फोन काढला, एक फोटो शोधला आणि फोन माझ्यापुढे धरला. "रागावू नका," ती म्हणाली.

फोटोत माझ्याच अक्षरात तारीख होती, झाउरचं नाव होतं आणि गटाराच्या पाण्याचा नंबर होता. बशीत मोठे स्वच्छ ठिपके होते. त्यांच्यामध्ये तीन बारके ठिपके, आणि प्रत्येकाभोवती फिकट धुरकट कडं. फोटो फुली मारायच्या आधीचा होता, पण मला ती फुली दिसलीच.

मला तो दिवस आठवला, झाउरसाठी पहिल्यांदा बशा लावल्या होत्या तेव्हाचा. मामा वारल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी गावी गेले होते. माझ्यामागे त्सित्सिनोकडून ही बशी चार दिवस टेबलावरच राहिली. सोमवारी आल्या आल्या मी तिच्यावर उखडले. ती म्हणत होती, "मावशी, पहिल्या दिवशी हे कडं जेमतेम होतं. ठिपका तेवढाच राहिला, कडं मात्र रोज वाढतंय. बघा ना." मी बशी खिडकीशी धरली, बघितलं आणि म्हणाले, "धुरकट म्हणजे धुरकट. आता घरजावयाला ओवाळत बसू का?" खोलीतल्या सगळ्या खो खो हसल्या. मी फुली मारली आणि बशी भट्टीत टाकली.

"ठिपका मध्ये स्वच्छच होता," त्सित्सिनो आता हळू आवाजात सांगत होती. "धूर फक्त कड्यात होता. हे झोपणारे नव्हेत. हे मारतातही आणि चिकटा विरघळवणारं काहीतरी सोडतातही. ते पसरत जातं तसं कडं वाढतं."

"हा आत गेला असता?"

"नक्की नाही सांगता येणार. कदाचित." मग ती म्हणाली, "मी कुणाला काही बोलणार नाही, मावशी."

तिनं तसं म्हणावं असं मला वाटत होतं, आणि तिनं ते म्हटल्यावर मला स्वतःची किळस आली.

त्या नंबरचं पाणी संपलं होतं, म्हणून त्यानंतर सहा दिवस आम्ही दोघी दोरीला बाटली बांधून हिंडलो. इस्पितळामागचं गटार, खाटीकखान्याचा नाला, नदीत पडणारी सगळी तोंडं. डोंगरात पाऊस झाला होता, नदी तांबडी होऊन फुगली होती आणि गटारं धुऊन निघाली होती. मी एकही बशी फेकली नाही. खिडक्यांत, कपाटांवर, रेडिओवर, जिथं जागा मिळेल तिथं बशा मांडल्या आणि दिवसातून चारदा भिंग घेऊन बघत बसले. स्वच्छ ठिपके पैशाला पासरी मिळाले. अस्सल घरजावईही दोन मिळाले. कडं एकालाही नव्हतं. इकडे झाउरची मांडी सुजायला लागली आणि लघवी कमी झाली.

"गुरुवारी सकाळी नऊ," डॉक्टर बाद्री म्हणाले. "गुडघ्याच्या वरून. आता सळईचा प्रश्नच राहिला नाही, जीव वाचवायचा आहे." मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी दुपारी मी वॉर्डात गेले तेव्हा झाउर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला माझी थोरवी सांगत होता. म्हातारा डोंगराकडचा, मधमाश्या पाळणारा, हाताला भलं मोठं बँडेज.

"हीच ती," झाउर म्हणाला. तापानं त्याचे ओठ फुटले होते. "हिच्या डोळ्यांमुळे मी तीन आठवडे चाललो. दुसऱ्या कुणाची बायको असती तर ऑगस्टमध्येच पाय गेला असता."

"नशीबवान आहेस," म्हातारा म्हणाला.

"नशीब कसलं! घरजावई झालो म्हणून मिळाली. ए लामारा, तोंड पाडून बसू नको गं. तू काय कमी केलंस? एवढं सगळं माझ्यासाठी केलंस, मी काय आंधळा आहे का?"

मला ते सोसवेना. गप्प राहिले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. त्सित्सिनो बोलली नसती. त्यानं आयुष्यभर लोकांना माझ्या डोळ्यांच्या गोष्टी सांगितल्या असत्या, आणि मी बाजूला बसून त्या ऐकत राहिले असते.

"झाउर, मी फेकलं," मी म्हणाले.

"काय फेकलंस?"

मी सगळं सांगितलं. तीन ठिपके, त्यांची कडी, त्सित्सिनोनं दाखवलं ते, मी मारलेला टोमणा, सगळ्यांचं हसणं, फुली. डॉक्टर हाड खरवडू म्हणत होते तेव्हा मी त्यांना आरसा दाखवला, हेही पुन्हा सांगितलं. तो फाज आत गेलाच असता असं नाही, हे मी शेवटी सांगितलं, आणि सांगताना मलाच त्याची लाज वाटली. मधमाश्यावाल्या म्हाताऱ्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. झाउर छताकडे बघत होता.

"तीन होते?" त्यानं विचारलं.

"तीन."

"नीट बघून फेकलेस, का न बघता?"

इथंही मला खोटं बोलता आलं असतं. घाईत होते, दमले होते, नुकती गावाहून आले होते. दोघांनाही सोपं गेलं असतं.

"बघून," मी म्हणाले. "खिडकीशी धरून."

त्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "मग इथं काय करतेस? असला जंतू उद्या दुसऱ्या कुणाच्या सळईवर बसेल. जा, शोध जा."

"उद्या नऊला मी इथं असेन."

"पाय न्यायला तुझी काय गरज? डॉक्टर नेतील. तू जा."

एकतीस वर्षांत आम्ही भांडलो नाही असा महिना गेला नसेल. बशा फुटल्या आहेत, अबोले झाले आहेत, एकदा तर माझ्या आईच्या तसबिरीची काच गेली. पण घर माझ्या माहेरचं, आणि तरी मी त्याला कधी 'जा' म्हटलं नव्हतं. त्यानंही मला कधी म्हटलं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी नदीवर होते. त्सित्सिनोनं दोरी धरली होती आणि मी बाटली सोडत होते. पहिली बाटली माझ्या हातून कठड्यावर आपटून फुटली. तिनं दुसरी बांधली. पाणी आता जरा उतरलं होतं, गटाराचा वास परत आला होता. आम्ही दोन बाटल्या भरल्या, मग संस्थेत जाऊन पाणी गाळलं, झाउरच्याच जंतूंच्या बारा बशा लावल्या, आणि मी इस्पितळात गेले.

त्याला नुकतंच खाटेवर आणलं होतं. पांढरी चादर डाव्या बाजूला पावलापर्यंत उंच होती, उजव्या बाजूला मांडीनंतर सपाट. मी आधी नजर वळवली. मग जबरदस्तीनं परत नेली आणि बघत राहिले, कारण निदान एवढं तरी मी बघायलाच हवं होतं. त्यानं डोळे उघडले. त्याची जीभ जड झाली होती.

"सापडलं?"

"पाणी आणलंय. बशा लावल्यात. कडं दिसायला तीन-चार दिवस लागतील."

त्यानं माझा हात शोधला. तो गरम होता, पण कालच्या इतका नव्हता.

"या वेळी नीट बघ," तो म्हणाला. "मागच्या वेळी घाईत होतीस तू. गावाहून आलेली, दमलेली. होतं असं माणसाचं."

मी घाईत नव्हते. कालच मी त्याला ते सांगितलं होतं आणि त्यानं ते नीट ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी हो म्हणावं म्हणून वाट बघत होता.

"हो," मी म्हणाले. "घाईत होते."